इंग्रिडने न बोललेला नवस

इंग्रिडला चालायचं होतं. एवढंच. कुणाला भेटायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं, आणि खिशात रिक्षाचे पैसे असूनही चालायचं होतं. ही साधी गोष्ट जळगावातल्या माणसाला समजावून सांगणं किती अवघड आहे, हे दिपमालाला जानेवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत कळलं.

इंग्रिड नॉर्वेची. वय सतरा. शाळांच्या अदलाबदलीच्या एका योजनेत ती सहा महिने शिकायला म्हणून दिपमालाच्या घरी राहायला आली होती. दिपमाला अकरावीत, आणि जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतं दुसरं बक्षीस मिळाल्यापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडायला लागला होता. त्यामुळे घरातल्या बहुतेक गोष्टी तीच इंग्रिडला समजावून सांगायची, आणि इंग्रिडच्या गोष्टी घराला.

"तिच्या शाळेत उघड्यावर हिंडायचा विषयच असतो," तिनं एका संध्याकाळी जाहीर केलं. "मार्क असतात त्याला."

प्रेमराजभाऊंनी, म्हणजे दिपमालाच्या बाबांनी, चहाचा कप खाली ठेवला. "हिंडायला मार्क?"

"हो."

"आणि नापास झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत हिंडायचं."

बाबा पाटबंधारे खात्यात आहेत. आयुष्यभर हिंडूनही आपल्याला कुणी मार्क दिले नाहीत, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

इंग्रिडकडे तिच्या शाळेनं दिलेला एक कागद होता. ज्या देशात शिकायला गेलात तिथं एका दिवसात किमान वीस किलोमीटर पायी जायचं. सोबत एक जोडीदार, आपल्याच वयाचा. कुणाची मदत घ्यायची नाही, कुणी दिलेलं खायचं नाही. एक जेवण स्वतःच्या सामानातून उघड्यावर शिजवायचं. आणि संध्याकाळी वहीत जे घडलं ते खरंखरं लिहायचं.

"जोडीदार मी," दिपमाला म्हणाली.

आता यावर सगळ्यांनी बाबांकडे का पाहिलं ते सांगायला हवं. या योजनेला दुसरी बाजूही होती. इंग्रिड परत गेली की जूननंतर दिपमालानं सहा महिने तिच्या घरी जायचं, असा एक फॉर्म आलेला होता. फॉर्म एकवीस पानांचा होता आणि दोन महिने फ्रिजवर होता. त्यात सगळं भरून झालं होतं. फक्त पालकाची सही नव्हती. बाबांचं म्हणणं असं, की जी मुलगी क्लासलासुद्धा एकटी गेलेली नाही ती समुद्रापलीकडे काय जाणार. आणि दिपमालाचं म्हणणं असं, की तुम्ही रोज स्कूटर घेऊन दारात उभे राहता, मग मी एकटी जाणार कधी. या वादात दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून तो संपत नव्हता.

"ठीक आहे," बाबा शेवटी म्हणाले. "हा एक दिवस कुणाच्या मदतीशिवाय निभावून दाखव. मी मागं येणार नाही. मग सहीचं बघू."

जायचं कुठं, तर धरणगावच्या अलीकडे जीवराममामाचं गाव. गिरणेच्या पुलापासून शेतांमधल्या रस्त्यानं बरोबर बावीस किलोमीटर.

बातमी कॉलनीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या इंदिराकाकूंनी आधी विचारलं, "गाडी बिघडली का प्रेमराजभाऊंची?" नाही म्हटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मग घरात काही भांडण?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं, कारण काही ना काही तर दुखत असणारच. धुळ्याहून, देवपुरातून, कुंदाआत्याचा रोज फोन यायचा. कुंदाआत्या दर चैत्रात पायी गडावर जाते, देवीच्या दर्शनाला, त्यामुळे पायी चालणं हा आपला खास विषय आहे असं ती मानते. "मोजे दोन घाल. मोज्यांच्या मध्ये खोबरेल. आणि वाटेत कुणी काही दिलं तर नाही म्हणू नये, दिपू. पायी चालणाऱ्यानं नाही म्हटलं की देणाऱ्याला लागतं."

"आत्या, आम्हाला घ्यायचंच नाहीये काही."

"असं कुठं चालणं असतं?" आत्या म्हणाली, आणि तिचा प्रश्न किती खोल होता हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिवाय अर्ज. परदेशी पाहुणी शहराबाहेर जाणार, तर एक अर्ज द्यावा, असं बाबांनी ठरवलं. अर्जाची खरंच गरज होती का, हे आजही कुणाला माहीत नाही. पण अर्ज न करता काही घडू शकतं यावर सरकारी माणसाचा विश्वास बसत नाही. बाबा दिपमालाला घेऊन एका कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांनी छापील नमुना पुढं केला. प्रवासाचं कारण: शैक्षणिक. प्रवाशांची संख्या: दोन. वाहन क्रमांक.

"वाहन नाहीये, साहेब," दिपमाला म्हणाली. "पायी."

"पायीला रकाना नाही."

"मग तो रकाना रिकामा ठेवते."

"रिकामा ठेवला की अर्ज अपूर्ण." साहेब अतिशय सभ्य होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मी तुम्हाला चालू नका म्हणत नाही. चाला. फक्त कशानं चालणार तेवढं लिहा."

तेव्हा बाबांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या स्कूटरचा नंबर लिहून टाकला. शिक्का बसला. दिपमालाला वाटलं, प्रश्न मिटला. तिला हे कळायला हवं होतं, की तिचे बाबा शिक्का बसलेला कागद कधीही खोटा पडू देत नाहीत.

रविवारी सकाळी साडेसहाला दोघी गिरणेच्या पुलापलीकडे उभ्या होत्या. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ यावी. दिपमालानं स्वेटरवर स्वेटर घातला होता. इंग्रिड अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये, "छान उकडतंय" अशा चेहऱ्यानं. पाठीवरच्या पिशवीत चार हिरवी वांगी, मिरच्या, लसूण, शेंगदाणे, तेलाची बाटली आणि आईनं दिलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. भाकरी घरच्या, म्हणजे स्वतःच्या सामानातल्या, असा निर्णय दोघींनी थोड्या चर्चेनंतर घेतला होता. शिजवायचं काय, तर भरीत. कपाशीच्या काड्यांवर. दिपमालानं छातीठोकपणे सांगितलं होतं, की भरीत म्हणजे खान्देशी माणसाच्या रक्तातच असतं. शेतातल्या भरीत पार्ट्यांना ती लहानपणापासून जात होती. तिथं काड्या पेटवायला नेहमी काका आणि मामा असायचे, हा बारकावा तिला त्या वेळी महत्त्वाचा वाटला नाही.

पहिले चार किलोमीटर फार सुंदर गेले. डाव्या हाताला केळीच्या बागा, उजव्या हाताला उपटून ढीग लावलेली कपाशी. इंग्रिड दर दहा मिनिटांनी वहीत काहीतरी लिहायची. मग एक वस्ती लागली. एका घरापुढं बाजेवर उन्हात एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. ताईबाई त्यांचं नाव, हे पुढं कळलं, कारण पुढं ते सगळ्यांनाच कळलं.

"कथा चालनात वो पोरीसहोन?"

"मामाच्या गावाला, आजी. धरणगावच्या अलीकडे."

"मंग पायी काबर?"

दिपमालानं सगळं सांगितलं. नॉर्वे, शाळा, विषय, मार्क. ताईबाईंनी ते अत्यंत लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाल्या, "एस्टी चुकनी का?"

दिपमालानं पुन्हा सांगितलं, सोप्या भाषेत. ताईबाईंचे डोळे भरून आले. "बाप पैसा देत नई का माय?"

दिपमालानं तिसऱ्यांदा सुरुवात केली. इथं तिची बाजूही समजून घ्यायला हवी. अजून अठरा किलोमीटर बाकी होते, ऊन चढत होतं, आणि वाटेत अशा किती आजी बसल्या असतील याचा हिशेब कुणालाच करता आला नसता. ताईबाईंनी तिला मध्येच थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "नवस शे का?"

आणि दिपमाला म्हणाली, "हो."

काय सांगावं. सगळं एकदम सोपं झालं. ताईबाईंचा चेहरा उजळला. चालण्याला कारण सापडलं होतं. "गडवरनी देवीना?" "हो," दिपमाला म्हणाली. दुसरा हो पहिल्यापेक्षा खूपच सहज निघाला. ताईबाई उठल्या, दोघींना कुंकू लावलं, दोघींच्या ओटीत एकेक नारळ घातला, आणि इंग्रिडच्या पायांना हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. इंग्रिडला वाटलं, आजींचं काहीतरी खाली पडलंय. तीही शोधायला वाकली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

पन्नास पावलं पुढं गेल्यावर दिपमालानं वळून पाहिलं. ताईबाईंनी कमरेच्या बटव्यातून मोबाईल काढला होता.

पुढच्या वस्तीत बायका रस्त्यावर उभ्याच होत्या. त्याच्या पुढच्या गावात पाट मांडलेले होते. चहा, पोहे, केळी, गूळ-शेंगदाणे. इंग्रिडला मराठीत दोन शब्द येत होते, त्यातला एक "नको". पण खान्देशात पाहुण्यानं नको म्हटलं की त्याचा अर्थ "आग्रह करा" असा धरतात, त्यामुळे तिनं जितक्या वेळा नको म्हटलं तितक्या वेळा केळी वाढली. मग ती दुसरा शब्द वापरायची, "पोट भरलं." सकाळच्या आठ वाजता उपाशीपोटी पोट भरलेल्या त्या मुलीकडे बायका भक्तीनं बघायच्या. उपास असणार.

खायचं नव्हतं, पण देवीच्या नावानं दिलेलं नाकारताही येत नव्हतं. ते पिशवीत जायचं. अकराव्या किलोमीटरला पिशव्यांमध्ये सात नारळ, केळीच्या दोन फण्या, तीन खण आणि एक गुळाची ढेप होती.

"एक विचारू?" इंग्रिड वाकून चालत म्हणाली. "तुमच्याकडे चालणाऱ्या माणसाला वजन का देतात?"

"प्रेमानं," दिपमाला म्हणाली.

"आणि तो माणूस? लाल मफलरवाला, तोंड झाकलेला. पुलापासून आपल्या मागं आहे. आपण थांबलो की तो थांबतो आणि स्कूटर पुसतो. मी इतकी स्वच्छ स्कूटर कधी पाहिली नाही."

दिपमालानं मागं पाहिलं. मफलर कुंदाआत्यानं विणलेला होता. अख्ख्या जिल्ह्यात तसा बेढब मफलर दुसरा नव्हता. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणाच्या मदतीशिवाय म्हणाले होते. शब्द दिला होता. आणि आता शंभर पावलांवर, शिक्का बसलेल्या अर्जानुसार, वाहन क्रमांक अमुक अमुक रीतसर प्रवासात सामील होतं.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. सकाळपासूनचं हे तिसरं खोटं. आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

तेराव्या किलोमीटरच्या गावात मांडव होता. तो खरं तर आदल्या दिवशीच्या लग्नाचा होता, पण आयता होता म्हणून ठेवला होता. खुर्च्या होत्या. माइक होता. साठ-सत्तर माणसं होती. तोपर्यंत बातमीनं चांगलं बाळसं धरलं होतं. देवी परदेशातल्या पोरीच्या स्वप्नात गेली होती आणि तिनं तिला जळगावचा पत्ता दिला होता. गावातले वडीलधारे झिपरूआबा शाल आणि नारळ घेऊन पुढं आले आणि माइकवर म्हणाले, की आता पाहुणीनं देवीबद्दल दोन शब्द बोलावेत.

"हे काय आहे?" इंग्रिडनं विचारलं.

मग दिपमालाला सांगावं लागलं. भराभर, खाली मान घालून, इंग्रजीत. इंग्रिड ऐकत गेली तशी तिचा चेहरा उतरत गेला.

"त्या पहिल्या आजीनं माझ्या पायांना हात लावला. तो देवीसाठी होता?"

"हो."

"माझ्यासाठी नव्हता." तिनं कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. "मला संध्याकाळी वहीत हे लिहावं लागेल. पण यांना आत्ता कोण सांगणार? माझं मराठी पोट भरलं, इथपर्यंतच आहे."

दिपमालानं मांडवाच्या कडेला पाहिलं. लाल मफलर तिथं होता, शेवटच्या खुर्चीमागं, स्कूटरवर हात ठेवून. खरं सांगितलं तर त्यांनाही कळणार होतं, की आपली मुलगी पहिल्या चार किलोमीटरांतच डगमगली. फॉर्म फ्रिजवरच राहणार होता, बहुतेक कायमचा. न सांगता पुढं निघता आलं असतं. एक शाल, एक नारळ आणि उरलेला रस्ता. कुणालाही पत्ता लागला नसता.

तिनं माइक हातात घेतला. वक्तृत्वाच्या बक्षिसाचा तिथं काहीही उपयोग झाला नाही. आवाज उंदरासारखा निघाला.

"नवस नाहीये," ती म्हणाली. "ही इथं शिकायला आलीय. हिला शाळेसाठी चालायचंय. मी आजींना खोटं सांगितलं, कारण खरं सांगायला फार वेळ लागत होता. हिला काहीच माहीत नव्हतं. चूक माझी आहे." आणि आता बोलतोच आहोत तर, म्हणून ती पुढं म्हणाली, "आणि ते लाल मफलरवाले माझे बाबा आहेत."

साठ-सत्तर माना वळल्या. बाबांनी स्कूटर पुसायला सुरुवात केली.

मग मागून एका बाईचा व्यावहारिक आवाज आला, "मंग नारय?"

दिपमालानं नारळांसकट मिळालेलं सगळं सामान पिशव्यांतून काढून एका बाजेवर मांडलं. परत घ्या म्हणाली. पण देवीच्या नावानं दिलेलं परत कसं घेणार, यावर गावात दोन मतं पडली आणि पंधरा मिनिटं जोरदार चर्चा झाली, त्यात दिपमालाचं खोटं सगळे विसरूनच गेले. शेवटी दिपमालानं धुळ्याच्या कुंदाआत्याला फोन लावला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, एकदा "अगं कार्टे" म्हणाली, आणि केळी पोरांना वाटा, बाकीचं सगळं चैत्रात मी गडावर नेईन असं गावाला फोनवरून कबूल केलं. झिपरूआबांनी समाधानानं मान हलवली.

"पोर खरं बोलनी," ते म्हणाले. "आते जेवाले बसा."

"आम्हाला आमचं आम्हीच शिजवायचंय, आबा. कुणाची मदत घ्यायची नाही. असा नियम आहे."

"मदत नई? मंग आम्ही काय करानं?"

"काहीच नाही. बसायचं."

असा अवघड नियम त्या गावानं आजवर ऐकला नव्हता. आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बजावलं, "कोन्ही हात लावाना नई. बठ्ठा बशी ऱ्हा."

आणि बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, बसून राहिले. मांडवामागच्या मोकळ्या शेतात दोन मुली, समोर गोल करून अख्खं गाव. शेतात पडलेल्या काड्या दोघींनी गोळा केल्या. इंग्रिडनं त्या घराच्या छपरासारख्या सुबक रचल्या. काड्यांनी भपकन पेट घेतला आणि तेवढ्याच झटकन विझल्या. गावातून एक सामुदायिक उसासा निघाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी एका काकूंनी तोंडात पदर कोंबला. झिपरूआबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बाबा त्यांच्याशेजारी येऊन बसले होते आणि त्यांचेही हात तिथंच होते.

चौथ्यांदा दिपमालानं काड्या रचल्याच नाहीत. नुसता ढीग केला, जसा तिनं लहानपणापासून पाहिला होता, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली. पेटलं. तिनं विजयानं वांगी आत टाकली.

गाव एकदम ताठ झालं. काहीतरी चुकलं होतं. साठ-सत्तर माणसांना ते दिसत होतं आणि कुणालाही बोलायची परवानगी नव्हती. आबांचे ओठ हलत होते. बाबांनी डोळे मिटून घेतले.

भरताच्या वांग्याला आधी सुरीनं टोचे मारतात. हे दिपमालाला त्याच क्षणी आठवलं, जेव्हा पहिलं वांगं फाटकन फुटलं आणि त्याचा गर झिपरूआबांच्या पांढऱ्या धोतरावर जाऊन बसला.

आबा हलले नाहीत. "मी मदत नई करी," ते म्हणाले. "फक्त धोतर धरं."

त्यानंतर जे हसू फुटलं ते थांबता थांबेना. इंग्रिड हसत हसत खाली बसली. उरलेली तीन वांगी बाहेर काढून, टोचून, परत भाजली. ठेचली. मिरच्या-लसूण, शेंगदाणे, तेल. आणि मग दिपमालाच्या लक्षात आलं, की मीठ घरीच राहिलंय. पाच बायका उठल्या आणि आबांच्या एका नजरेनं पाचही परत बसल्या.

पण घ्यायचं नाही असा नियम होता, द्यायचं नाही असा नव्हता. इंग्रिडनंच ते शोधून काढलं. तिनं भाकरीचे तुकडे केले आणि एकेका तुकड्यावर चिमूटभर भरीत घालून पुरलं तितक्यांना वाटलं. पहिला तुकडा आबांना. आबांनी अळणी भरीत सावकाश चावलं.

"मीठ बरोबर शे," ते म्हणाले.

आवरून झालं तेव्हा बाबा दिपमालाजवळ आले. मफलर काढून हातात घेतला होता.

"त्या आजींना तू काय सांगितलंस ते मला मागून ऐकू आलं नव्हतं."

"माहीत आहे."

"सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं."

"तेही माहीत आहे." तिला वर बघवेना. "पण तुम्हीसुद्धा येणार नाही म्हणाला होतात, बाबा."

बाबांनी मफलर घडी करून डिकीत टाकला. मग त्यांनी स्कूटर फिरवून जळगावकडे तोंड केलं.

"मी निघतो."

"अर्जात गाडी आहे ना?"

"अर्जात नंबर आहे. गाडी कुठं असावी, ते लिहिलेलं नाही." त्यांनी किक मारली, गाडी सुरू झाली नाही, म्हणून जरा थांबले. "त्या फॉर्मवर सही शेवटच्या पानावर करायची, की सगळ्या?"

"सगळ्या," ती म्हणाली. "एकवीस."

"मग लवकर पोहोचायला हवं," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

स्कूटरचा आवाज केळीच्या बागांआड हळूहळू विरत गेला. इंग्रिडनं हलकी झालेली पिशवी पाठीवर घेतली आणि दोघी निघाल्या. नऊ किलोमीटर उरले होते. पहिल्या वळणापर्यंत दिपमालानं दोनदा मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. तिसऱ्यांदा तिनं पाहिलं नाही, कारण इंग्रिड बरीच पुढं गेली होती आणि तिला गाठायचं होतं.